तामलवाडीच्या माळावरची डोणी

माझ्या सहलीची जाहिरात मी लिहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुळजापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फ्लेक्सवाला आहे. त्याला मी एवढंच म्हणालो होतो, की सकाळी धरणावरचे पक्षी, मग तेर आणि संध्याकाळी माळ, असं एका दिवसात दाखवून आणतो. तेवढं मोठ्या अक्षरात बसव. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला : 'समुद्रपक्षी! रोमन नगरी! वाळवंट! एकाच दिवसात! हमखास दर्शन!' मागं एक उंट.

"उंट कुठून आणलास?" मी विचारलं.

"वाळवंट म्हणलं की उंट येतोच की, सर. काँप्युटरमधीच होता."

तेव्हापासून फ्लेक्स चार वेळा बदलला. उंट काढ म्हटलं की तो दुसऱ्या बाजूला तोंड करून पुन्हा येतो. मी आता नाद सोडलाय. गाडीत बसणारा प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटांत उंटाची चौकशी करतो, आणि तेवढ्यावरून मला तो माणूस कसा आहे ते कळतं. जे हसून विचारतात त्यांच्याबरोबर दिवस चांगला जातो.

फ्लेक्सवरची बाकीची विधानं तपासायची तर अशी. समुद्रपक्षी निम्मे खरे आहेत. हिवाळ्यात तेरजवळच्या धरणावर कुरव येतात, सुरय येतात, तुतवार चिखलात चोची खुपसत पळत असतात. त्यातल्या कित्येकांची उरलेली बिऱ्हाडं समुद्रकाठी असतात. रोमन नगरी खोटं. तेर हे तेरच होतं. फक्त दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल बैलगाड्यांतून किनाऱ्याकडं जायचा आणि तिथून जहाजानं रोमकडं. त्या बदल्यात तिकडच्या वस्तू इकडं येत. आपल्याकडं माल घेणाऱ्याचं नाव गावाला द्यायची पद्धत असती तर सोलापूरला कुणी सोलापूर म्हटलं नसतं. वाळवंटाबद्दल काय बोलावं? आमच्याकडं वाळू नाही, मुरूम आहे. तामलवाडीच्या पलीकडं रस्ता सोडून आत गेलं, की क्षितिजापर्यंत पिवळं कुसळी गवत, मधूनच एखादी बाभूळ आणि वारा. त्याला आम्ही माळ म्हणतो. बाहेरच्या माणसाला माळ म्हणजे 'काही नाही' असं वाटतं, म्हणून वाळवंट म्हणावं लागतं.

राहिलं हमखास दर्शन. ते साफ खोटं आहे, आणि हा लेख त्या दोन शब्दांबद्दलच आहे.

आमचे वडील शिक्षक. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि त्या पदवीचं जे व्हायचं ते झालं. चुलतभावाची जीप होती, ती चालवायला लागलो. तुळजापुरात येणारी माणसं देवीच्या दर्शनाला येतात. दर्शन सकाळी उरकतं, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्री असते. मधला एक दिवस त्यांच्या अंगावर येतो. त्या दिवसावर माझं घर चाललं. पण या गिऱ्हाइकांची एक अडचण असते. रांगेत उभं राहिलं की दर्शन होतं, याचा त्यांना ताजा अनुभव असतो. माळावरच्या काळविटाचंही तसंच असावं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. एका गृहस्थांनी मला माळावर विचारलं होतं, "व्हीआयपी पास असला तर लवकर दिसतात का?" ते विनोद करत नव्हते.

गाईडचं काम म्हणजे बोलणं, असं लोकांना वाटतं. खरं काम गप्प बसण्याचं आहे. पहाटे पाचला निघायचं, उजाडता उजाडता धरणाच्या भिंतीखाली गाडी उभी करायची आणि पाहुण्यांना अर्धा तास बोलू द्यायचं नाही. चक्रवाकांची जोडी आधी ऐकू येते, मग दिसते. तेरला त्रिविक्रमाच्या देवळासमोर मात्र बोलावं लागतं, कारण विटा स्वतः बोलत नाहीत. हे देऊळ पाठीमागून गोल का, छत हत्तीच्या पाठीसारखं का, आधी इथं बौद्धांचं चैत्य असावं असं जाणकार का म्हणतात, ते सांगायचं. वस्तुसंग्रहालयात शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत. तिथं मी थांबतो आणि म्हणतो, समुद्र आपल्या जिल्ह्यात एवढाच आला, पण दोन हजार वर्षांपूर्वी आला. आणि या सगळ्याच्या आधी, कुठल्या गावात बायकांसाठी स्वच्छतागृह आहे हे माहीत असावं लागतं. त्याशिवाय इतिहास कुणी ऐकून घेत नाही.

लोहाऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मी त्यांना बाईच म्हणतो. एका डिसेंबरात त्या एकट्याच आल्या. पायात बूट, खांद्याला शबनम, आणि हातात माझ्याच जाहिरातीचा कागद. धरणावर पोचल्यावर त्यांनी पाण्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं.

"समुद्र कुठाय?"

"समुद्र नाही बाई. समुद्रावरचे पक्षी आहेत. ते पांढरे, पंखाला राखाडी कड असलेले."

त्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे समुद्र येत नाही, त्याची पाहुणेमंडळी येतात. चालेल. मी साठ वर्षं लोहाऱ्यात काढली, समुद्र पाहिला नाही. पाहुणे तरी भेटले." आणि कागदावरचा 'हमखास' हा शब्द त्यांनी पेननं खोडला. शिक्षकी सवय. तो कागद माझ्याकडं अजून आहे.

या धंद्यात माझा गुरू म्हणजे मायाप्पा तात्या. धनगर माणूस. सोलापूरच्या बाजूनं माळ चढत यायचे, मेंढरं घेऊन, तीन कुत्री आणि एक तट्टू बरोबर. मी पहिल्यांदा पाहुणे घेऊन माळावर गेलो तेव्हा त्यांनी लांबूनच हाक मारली होती, "ओ गाईडसाहेब! काय दावताय त्यास्नी? गवत?" तेव्हापासून मी त्यांच्या लेखी गाईडसाहेब. त्या 'साहेबा'त जेवढी टिंगल मावेल तेवढी भरलेली असायची.

पण शिकवलं त्यांनीच. हरणाचा खूर शेळीच्या खुरापासून ओळखायचा कसा. लांडगा जवळ असला की कुत्री भुंकत नाहीत, गप्प होतात. वारा आपल्याकडून त्यांच्याकडं जात असेल तर घरी गेलेलं बरं. आणि सर्वांत महत्त्वाचं : "दावतो म्हनू नगा. जाऊ म्हना. दावनारं तुमी न्हाय." हा नियम मी पंधरा वर्षं पाळला. पाहुणे विचारायचे, हरणं दिसतील ना? मी म्हणायचो, जाऊ या.

माळावर एक ढासळलेली विहीर आहे, आणि तिच्या काठाला काळ्या दगडाची डोणी. एकाच दगडातून कोरलेलं, जनावरांना पाणी पाजायचं लांबट टाकं. मोट चालायची तेव्हाचं. विहीर आटून जमाना झाला, डोणी तशीच आहे. तिच्याबद्दल धनगरांचा एक कायदा आहे. डोणी कोरडी असली तर कुणाचा दोष नाही. पण उन्हाळ्यात ती एकदा कुणी भरली, तर मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्यानंच भरत राहायची. मधे सोडायची नाही. जनावर त्या पाण्यावर विसंबतं. म्हणून डोणी सहसा कुणी भरत नाही. धनगर आपली मेंढरं खाली ओढ्याला नेतात.

हा कायदा मला तोंडपाठ होता. डोणीजवळ गाडी थांबवून मी तो पाहुण्यांना सांगायचो, योग्य जागी आवाज खाली आणून. लोक माना डोलवायचे. काही जण वहीत लिहून घ्यायचे. लोकपरंपरा म्हणून.

मग एका वर्षी मोठे पाहुणे आले.

त्यांचं नाव आणि पद सांगत नाही. दोन्ही आता उरलेली नाहीत. त्यांच्या हस्ते जिल्ह्याच्या 'एकदिवसीय पर्यटन मार्गा'चं उद्घाटन होणार होतं. मार्ग म्हणजे माझीच सहल. पंधरा वर्षं एका जुन्या जीपनं आखलेली वाट सरकारी नकाशावर येणार, माझ्या गळ्यात ओळखपत्र येणार. मी पोकळ भपक्याचा फारसा चाहता नाही, असं मला स्वतःबद्दल वाटत होतं. ओळखपत्राचं नाव निघाल्यावर ते मत तपासायची वेळ आली.

दहा-बारा दिवस आधी त्यांचे स्वीय सहायक पाहणीला आले. माळावर उतरले, बूट झटकले आणि म्हणाले, "साहेबांना हरण दिसलं पाहिजे. आणि चालायला लागता कामा नये."

मी म्हणालो, "दाखवतो."

तेवढं बोलायला मला पंधरा वर्षं लागली होती.

मार्च लागला होता. आमच्याकडं फाल्गुनात हरणं माळ सोडून खाली ओढ्याच्या अंगाला उतरतात; तिथं डोहात पाणी टिकून असतं. त्यांना वरच थांबवायचं तर एकच उपाय होता. डोणी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी तामलवाडीच्या एका शेतकऱ्याच्या बोअरवरून कॅन भरले आणि रोज दुपारी डोणी काठोकाठ भरायला लागलो. चौथ्या दिवशी खुरांचे ठसे दिसले. सहाव्या दिवशी बरोबर साडेपाचला कळप आला. पुढं काळा नर, शिंगं पिळदार. मागं हरणी, आणि दोन-चार पाडसं, नुकती उभी राहायला शिकलेली. मी जीपमध्ये बसून घड्याळाकडं बघत होतो आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

सातव्या दिवशी मायाप्पा तात्या काठी टेकत आले.

"कशापायी भरताय, गाईडसाहेब?"

"पाहुणे येणार आहेत, तात्या."

"किती दिसाचं पाहुणं?"

"एका दिवसाचे."

"अन् ही?" त्यांनी काठीनं खुरांचे ठसे दाखवले. "मृगापतुर भरनार का?"

"भरीन की," मी म्हणालो. 'गरम पाण्याची व्यवस्था होईल की' हे आपण पाहुण्याला ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात.

तात्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. "बरं," म्हणाले, आणि मेंढरं घेऊन ओढ्याकडं उतरले.

उद्घाटनाच्या दिवशी साहेब चार तास उशिरा आले. धरणावर आम्ही बारा वाजता पोचलो. तेव्हा तिथं एक बगळा होता, तोही निघायच्या बेतात. तेरला त्यांनी सहा मिनिटं दिली, त्यातली चार हारात गेली. शंखाच्या बांगड्यांपाशी मी तोंड उघडलं तोवर ते बाहेर पडले होते. पण संध्याकाळी साडेपाचला डोणीजवळ सात गाड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि कळप आला. गाड्या बघून थबकला, पण तहान होती. नर पुढं झाला. पाण्यात तोंड घातलं.

साहेबांनी फोन कानापासून जरा बाजूला धरला, काच खाली केली आणि मला विचारलं, "पाळलेली आहेत का हो?"

सगळे हसले. मीही हसलो. माणूस मोठा नव्हता, पण चुकीचं बोलला नव्हता. दहा दिवसांत मी रानातल्या जनावराला वेळेवर हजर राहायला शिकवलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी डोणीशेजारी एक लोखंडी पाटी उभी राहिली, चांगली सात हात रुंद : 'मा. साहेबांच्या प्रेरणेतून वन्यजीव पाणवठा'. आणि माझे सत्कार सुरू झाले. तुळजापुरात दोन, धाराशिवला एक, भूमला आठवडी बाजाराच्या दिवशी एक. शाल, नारळ, भाषण. भाषणात मी डोणीच्या कायद्याची गोष्ट सांगायचो. आवाज योग्य जागी खाली जायचा. या आठ दिवसांत मी माळावर एकदाही गेलो नाही. उद्या जाऊ, असं रोज म्हणायचो. डोणी भरलेली होती, आठवडा तरी पुरेल असं मनाला सांगायचो. मार्चच्या उन्हात उघडं पाणी किती टिकतं, हे मी दुसऱ्या कुणाला बरोबर सांगितलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी दारात मायाप्पा तात्या उभे. इतक्या वर्षांत ते कधी घरी आले नव्हते. माझी बायको, सुमन, तांब्या घेऊन पुढं झाली.

"पानी नगं, माय," ते म्हणाले. "आधी तितलं बघू दे त्याला."

माझ्याकडं वळून म्हणाले, "चल."

बोलण्यातलं 'तुमी' गेलं होतं, 'साहेब'ही गेलं होतं. डोणी कोरडी ठणठणीत होती, तळाला शेवाळाची वाळलेली साल. तिथून त्यांनी मला गावाच्या अंगाला चालत नेलं. एका शेताच्या बांधाला हरणी पडली होती. पाण्याच्या वासानं गावच्या हौदाकडं निघाली असणार. गावच्या कुत्र्यांनी गाठली. तिच्या सडांत दूध होतं.

"पाडस?" मी विचारलं.

"हुडकलं. गावलं न्हाय."

मी खाली बसलो. ते उभेच राहिले.

"ही फाल्गुनात वढ्याला उतरनारी जनावरं," तात्या म्हणाले. "औंदा न्हाय उतरली. तुझ्या डोनीपायी थांबली. आता पाडसं घिऊन कुठं जात्याल? मधी गाव हाय, कुत्री हायत, हमरस्ता हाय. म्या इचारलं हुतं तुला, मृगापतुर भरनार का. व्हय म्हनलास. म्या त्याच वक्ताला वळखायला पायजे हुतं."

"तात्या, चूक झाली."

"ते मला नगं सांगूस. कळपात अजून बावीस हायत. त्यास्नी पानी सांग."

इथून पुढं सांगण्यासारखं थोडं आहे, कारण रोज तेच होतं. सकाळी सात वाजता तुळजापूरहून निघायचं, तामलवाडीला कॅन भरायचे, माळावर डोणी भरायची. दुपारपर्यंत निम्मी रिकामी व्हायची. एप्रिलच्या मध्यावर पहिल्या शेतकऱ्याचं बोअर उतरलं. त्यानं हात जोडले. दुसऱ्यानं महिनाभर दिलं. मग सोलापूरच्या अंगाला आणखी लांब जावं लागलं. त्या दिवसांत सहलीला कुणी येत नाही. धरणात चिखल, पक्षी गेलेले. शेजारीपाजारी विचारायचे, पाहुणे नसताना जीप रोज कुठं जाते? सुमन सांगायची, "पाहुण्यांकडंच जाते. ते इकडं येत नाहीत." आणि मला म्हणायची, "इतक्या नेमानं देवीला गेला असतात तर आज कुठं असतात!" पण पहाटे कॅन धुऊन ओळीनं तीच लावून ठेवायची.

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून बदलली. जीप डोणीपर्यंत नेणं बंद केलं. दोनशे पावलांवर बाभळीखाली उभी करायची आणि तिथून घागरीनं पाणी वाहायचं. गाडीचा आणि पाण्याचा संबंध हरणांच्या डोक्यातून जायला हवा होता. भरलेली घागर खांद्यावर, खाली मुरूम, वर ऊन. गळ्यातलं ओळखपत्र घागरीच्या कडेला आपटून टणटण वाजायचं. तिसऱ्या दिवशी ते मी काढून जीपच्या आरशाला टांगलं.

मायाप्पा तात्या लांबून बघत असायचे. जवळ येत नसत. मे महिन्यात मला ताप भरला. दोन दिवस उठता आलं नाही. तिसऱ्या दिवशी तसाच, अंगात कणकण असताना गेलो. वाटेत मला बांधावरची ती हरणी दिसत होती. जाऊन बघतो तर डोणी काठोकाठ. शेजारी तात्यांचं तट्टू उभं, पाठीवर दोन्ही अंगांना रिकामे कॅन.

"तात्या, कायदा असा नाही," मी म्हणालो. "ज्यानं भरली त्यानंच भरायची."

"कायदा मला शिकवतोस व्हय? तू मेला असतास तर कुनी भरली असती?" आणि थोड्या वेळानं, "पानी हाय का तुझ्याकडं? तान लागलीया."

मी जीपमधली बाटली दिली. त्यांनी उभ्या उभ्या प्यायली. मार्चपासून त्यांनी माझ्या हातचं काही घेतलं नव्हतं.

त्याच महिन्यात लोहाऱ्याच्या बाईंचा फोन आला. पुन्हा सहलीला यायचं म्हणाल्या.

"बाई, आत्ता काही नाही बघायला. धरणात पाणी नाही, पक्षी नाहीत."

"मग जे नाही ते दाखवा. असलेलं मागच्या वेळी पाहिलं."

आल्या. कोरडं धरण पाहिलं, तेरला विटांना हात लावून बघितलं, आणि माळावर आल्यावर मी घागर उचलली तेव्हा विचारलं, हे काय? मी सगळं सांगितलं. हरणीचंही सांगितलं. आवाज खाली-वर न करता. ऐकून घेतलं आणि सत्तरीची ती बाई बाभळीखालून एक छोटी कळशी घेऊन निघाली. मधे दोनदा थांबली. डोणीत कळशी उपडी केली आणि शेजारच्या पाटीवरचं नाव मोठ्यानं वाचलं.

"हे कोण?"

"प्रेरणा," मी म्हणालो.

परत बाभळीपाशी येऊन आम्ही बसलो. तात्याही आले. भर दुपारी एक हरणी आली, प्यायली, आणि तिच्या पायांशी असलेलं पाडस त्या लोखंडी पाटीच्या सावलीत जाऊन बसलं. मैलभरात तेवढीच सावली होती.

"कामाला आली की पाटी," तात्या म्हणाले. "म्या उगंच शिव्या दिल्या."

मृगात पाऊस पडला. त्याचं वर्णन करत नाही; मराठीत त्या मालाचा तुटवडा नाही. तात्यांनी आणि मी कळप मोजला. बावीस होते. म्हणजे त्या दिवसानंतर एकही कमी झालं नव्हतं. पर्यटन मार्ग नकाशावर आला, त्यात माझं नाव चुकीचं छापलं होतं. मला ते आठवड्यानं कळलं, आणि विशेष वाईट वाटलं नाही. कुणी मला विचारलं, तुमच्या आयुष्यातली मोठी कामगिरी कोणती, तर मी तो आकडा सांगतो. बावीस. एक पाडस आणि एक हरणी त्यात नाही, हेही सांगतो.

त्यानंतर कळप खाली उतरायची वाट विसरला की त्याला डोणी आवडली, कोण जाणे. दर उन्हाळ्यात काही हरणं वरच राहतात. म्हणून दर उन्हाळ्यात डोणी भरावी लागते. आता सहलीचा शेवट तिथंच होतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत जो कुणी येईल, त्यानं बाभळीपासून डोणीपर्यंत एक घागर न्यायची आणि परत यायचं. कुरकुर होते. इंजिनिअर लोक पाइप टाकायचा सल्ला देतात. लहान मुलं सांडत सांडत नेतात आणि सर्वांत जास्त खूश तीच असतात. घागर ओतली की पाहुणे विचारतात, "आता येतील ना हरणं?" मी सांगतो, "आपण गेल्यावर येतील."

गेल्या वर्षी चैत्रात एक साधी गाडी आमच्या दारापुढं थांबली. आत नवरा-बायको दोघंच, ड्रायव्हरही नाही. तुळजापूरला माणूस पद असताना येतो, आणि पद गेल्यावर तर येतोच. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही. सकाळी वेळेवर तयार होते. तेरला दीड तास थांबले. शंखाच्या बांगड्यांपुढं त्यांच्या बायकोनं स्वतःच्या बांगड्या मागं सारून हात काचेला लावला.

संध्याकाळी माळावर मी नियम सांगितला. त्यांनी बाही दुमडली. निम्मी घागर पॅंटवर सांडली, निम्मी डोणीत पडली. मग त्यांचं लक्ष पाटीकडं गेलं. रंग उडालाय, गंज चढलाय, पण नाव लागतं. बराच वेळ ते तिथं उभे होते.

"ही अजून ठेवलीय?"

मायाप्पा तात्या आता थकलेत. मेंढरं मुलगा बघतो, पण संध्याकाळी बाभळीखाली येऊन बसतात. तेच लांबून बोलले, "ऱ्हाऊ द्या की. पिल्लं बसत्यात सावलीला."

साहेब हळूहळू चालत परत आले. हातातली रिकामी घागर त्यांनी नीट उपडी ठेवली.

"हरणं?" त्यांनी विचारलं.

"तुमी गेल्याव येत्याल," तात्या म्हणाले.

मी वाट बघत होतो. पाळलेली आहेत का असं विचारतील, किंवा अर्धा तास थांबू म्हणतील. तसं थांबायला माझी हरकत नव्हती. दिवस होता, वारा बरोबर होता.

त्यांनी घड्याळ पाहिलं. उतारावरच्या गवताकडं पाहिलं. "मग निघू या," ते म्हणाले. "उगीच त्यांना ताटकळत नको."

आम्ही निघालो. तात्यांनी बाभळीखालून हात वर केला. मुरमाच्या वाटेला लागल्यावर मी आरशात बघितलं. माळाच्या कडेवरून एक काळा ठिपका डोणीच्या दिशेनं उतरत होता, त्याच्या मागं आणखी काही. साहेब सरळ पुढं बघत बसले होते. गाडी थांबवून सांगता आलं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं.

मी गाडीचा वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. आरशाला टांगलेलं ओळखपत्र तेवढं हलत होतं.